फोटोवाल्याच्या हाती सिनेमा

बाझील मिलोगोने चार खिशांचा निळा शर्ट शिवून घेतला होता. कॅमेरामनला चार खिसे लागतात, त्याच्या मदतनिसाचं दोनात भागतं. अकरा वर्षं बाझीलने दोनात भागवलं होतं. पॅरिसहून येणाऱ्या एकेका कॅमेरामनच्या मागे त्याने पेट्या वाहिल्या, रिळं भरली, भिंगं पुसली, फीत धरून अंतरं मोजली आणि वर बोलणीही खाल्ली. शेवटी एकदा दिग्दर्शिका मादाम आलिमा तापसोबा म्हणाल्या, "पुढच्या सिनेमाला बाहेरचा माणूस नको. आपल्यातलाच कोणीतरी घेऊ." आता आपल्यातला म्हणजे दुसरा कोण असणार? बाझीलने घरी जाऊन बायकोला सांगितलं, बायकोने माहेरी सांगितलं, आणि आठ दिवसांत निम्म्या बोबो-जुलासो शहराला कळलं की मिलोगोंचा बाझील कॅमेरामन झाला.

मादामनी घेतलं येरो सांगारेला. बाजारामागच्या 'स्टुडिओ शांती'चा फोटोवाला! ज्याने जन्मात हलतं चित्र काढलं नव्हतं, लग्नाची जोडपी, बारशाची पोरं आणि ओळखपत्राचे चेहरे काढण्यात ज्याची दाढी पिकली होती, तो.

बाझीलच्या अंगाचा तिळपापड झाला. तो मादामकडे गेला आणि शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "मादाम, त्याला रीळसुद्धा भरता येत नाही."

"तू भरशील," मादाम म्हणाल्या. "हे बघ बाझील, तुझ्या चौकटीत माणूस येतो आणि जातो. येरोच्या चौकटीत माणूस बसतो. मला बसलेला माणूस पाहिजे. पण तू त्याच्याजवळ राहा. त्याला यंत्र कळत नाही. यंत्राकडे तू बघायचंस. नाहीच जमलं, तर पुढची रिळं तू काढ."

हे शेवटचं वाक्य बाझीलने गाठीला बांधून ठेवलं. नाहीच जमलं तर. रात्री ओदील, त्याची बायको, शर्टाची घडी कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, "आईला काय सांगू?"

"सांग, अजून काही ठरलं नाही."

"ठरलं नाही कसं? त्या फुलानीने आज बाजारात साऱ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या."

गोळ्या वाटल्या म्हणे! बाझीलला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता बाझील होता बोबो आणि येरो फुलानी, आणि या दोन जमातींची थट्टेची सोयरीक पणजोबांच्याही आधीपासूनची. बोबोने फुलानीला गाईचोर म्हणायचं, फुलानीने बोबोला दोलोचा, म्हणजे ज्वारीच्या बिअरचा, रांजण म्हणायचं, आणि कोणी कोणावर रागवायचं नाही. जो रागावला त्याची लाज. अदबीचं 'मस्यू' आणि घरच्यांची चौकशी परक्यांसाठी. बाझीलचे वडील गेले तेव्हा येरो खणलेल्या खड्ड्यात जाऊन आडवा झाला होता आणि कोंबडी कबूल केल्याशिवाय उठायला तयार नव्हता. रडणाऱ्या बायकांनाही हसू फुटलं होतं. सख्ख्या भावाने केलं नसतं असं हे करणं, आणि वीस वर्षं हे असंच चालत आलं होतं. त्यामुळे पोटात कितीही दुखलं तरी बाझीलला रुसायचीही सोय नव्हती. मत्सर करायचा तोही हसत हसत.

पहिल्या दिवशी तर बाझीलला वाटलं, आपलं काम देवच करतोय. सिनेमा होता एका आईचा. तिचा मुलगा किनाऱ्याकडे कॉफीच्या मळ्यावर गेलेला, आणि ती त्याची वाट बघते, एवढंच. पहिलाच प्रसंग मुलगा निघतो त्याचा. येरोने काय करावं? तो आधी नटाच्या जागेवर स्वतः जाऊन उभा राहिला. मग त्याने नटाला विचारलं, "कुठे उभं राहायला आवडेल तुला? हातात काय घेशील?" नट म्हणाला, रेडिओ. येरोने रेडिओ दिला. भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी टांगली, नटाची कॉलर सारखी केली, दोन बोटांनी हनुवटी किंचित वर उचलली, पावलं मोजत मागे आला आणि कॅमेऱ्याला डोळा लावून सवयीने म्हणाला, "श्वास धर!"

नटाने श्वास धरला. शहरात असा माणूस नव्हता ज्याने येरोपुढे बसून श्वास धरला नव्हता. कॅमेरा घरघरत होता, नट फुगत होता. अर्ध्या मिनिटाने तो जो खोकत सुटला तो थांबेना.

"अरे गाईचोरा," बाझील म्हणाला, "हा सिनेमा आहे. यात माणसं हलतात. तुझ्या गाई मालकाला बघून हलतात ना, तशी."

"गप रे रांजणा. तू हललास की सांडतोस."

सगळे हसले. मादामही हसल्या, पण त्यांनी येरोला थांबवलं नाही. म्हणाल्या, "श्वास घेऊ दे त्याला. बाकी सगळं असंच ठेव."

असंच ठेव! बाझीलने लहान मुलाच्या बाबागाडीची चाकं लावून एक गाडा बनवला होता, त्यावर कॅमेरा ठेवून अंगणभर फिरवता यावा म्हणून. महिनाभर खपला होता त्यावर. तो गाडा तीन आठवडे भिंतीला टेकून उभा राहिला. येरोने कॅमेरा एकदाही हलवला नाही. तो माणसासमोर सरळ उभा राहायचा, छातीच्या उंचीवर, आणि वाट बघायचा. माणूस अवघडायचा, मग ताठ व्हायचा, मग कंटाळायचा, आणि कंटाळल्यावर त्याच्या तोंडावर खरं काहीतरी यायचं. तेव्हा येरो हलकेच कॅमेरा सुरू करायचा. बाझील शेजारी बसून हे बघायचा आणि त्याला कळायचं की हे चांगलं आहे. हेच सगळ्यात वाईट होतं. येरो नुसता अडाणी असता तर बाझीलने त्याला मायेने शिकवलं असतं. पण ज्याला यंत्राची कळ कुठे आहे हे माहीत नाही त्याला माणसाची कळ सापडावी, आणि ज्याने अकरा वर्षं यंत्र तळहातावर वागवलं त्याला ती दिसूही नये, हा कुठला न्याय?

मग आली मा फेलिसितेच्या अंगणातली संध्याकाळ.

मा फेलिसिते ही दोलो गाळणारी बाई, सत्तरीची. नटी बिटी काही नव्हे, पण मादामनी तिलाच आई केलं होतं. प्रसंग असा: दिवस कलतोय, आई ओसरीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतेय, मागे दोलोची मडकी चुलीवर रटरटतायत, आणि त्यापलीकडे उघड्या फाटकातून बाजारची माणसं घरी चाललीयत. पुढे सिनेमात त्यावर गाणं बसवायचं होतं, म्हणून आवाज टिपायचा नव्हता. मादाम म्हणाल्या, "पूर्ण रीळ जाऊ दे. मध्ये थांबवू नका."

येरोने मा फेलिसितेच्या हातातली शेंगांची टोपली काढून घेतली. "मा, शेंगा नकोत. माझ्याकडे लेकीच्या लग्नाच्या फोटोला बसली होतीस, तशी बस. हात गुडघ्यावर."

"किती वेळ रे?"

"मी सांगेपर्यंत."

"फुलानीच्या सांगण्यावर बसायचं म्हणजे माझी कोंबडी जाणार," मा फेलिसिते म्हणाली, पण बसली. ताठ, पदर सारखा करून, समोर बघत.

एवढ्या व्यवस्थेत उजेड उतरला होता. येरोने प्रकाश मोजला आणि च्यक केलं. भिंग होतं तेवढं उघडून झालं होतं, तरी उजेड निम्माच भरत होता. त्याने कॅमेऱ्याच्या कडेच्या चकतीवर नजर टाकली. चकतीवर आकडे असतात, आणि बाण चोवीसवर होता. येरोने अंगठ्याने तो सहज बारावर आणला, जसा तो स्टुडिओतल्या जुन्या कॅमेऱ्यावर पंचवीसवरून दहावर आणायचा. उजेड कमी असला की कॅमेऱ्याच्या आतला पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचा, हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

पण सिनेमाच्या कॅमेऱ्यावर तो आकडा वेगाचा असतो. सेकंदाला चोवीस चित्रं काढायची आणि चोवीसच्याच वेगाने दाखवायची, तर माणसं माणसांसारखी चालतात. बारा काढलीत तर उजेड दुप्पट मिळतो खरा, पण पडद्यावर सगळं दुप्पट वेगाने पळतं. माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी दुडदुडायला लागतात आणि दुःखी आईवरही लोक खदाखदा हसतात.

बाझीलने अंगठा बघितला, बाण बघितला. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तो आकडा तपासायचा, हे काम त्याचं होतं. दुसऱ्या कोणाचंच नव्हतं.

त्याच्या तोंडात वाक्य आलं होतं. येरो, आकडा चोवीसवर घे. इतकं साधं. त्याऐवजी तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाला, "ए गाईचोरा, तुझा अंगठा बघून घे! म्हातारी चोरलेल्या गाईसारखी उधळेल हो पडद्यावर!"

"रांजणा, तुझं झाकण लाव," येरो डोळा न काढता म्हणाला.

सगळे हसले, मा फेलिसितेही हसली. झालं. बाझीलने सांगितलं होतं, दहा साक्षीदारांसमोर सांगितलं होतं. बोबोचं बोलणं फुलानीने खरं धरलं नाही, याला तो काय करणार? त्याने हे आधी ठरवलं नव्हतं, पण ते त्याला इतकं सहज सुचलं की त्याचीच त्याला भीती वाटली.

"तयार?" मादामनी विचारलं.

"तयार, मादाम," बाझील म्हणाला.

पावणेतीन मिनिटांचं रीळ बाराच्या वेगाने साडेपाच मिनिटं चालतं. तिसऱ्या मिनिटानंतर मादामनी घड्याळ बघितलं. "संपलं नाही अजून?"

"चालू आहे, मादाम," बाझीलनेच उत्तर दिलं.

खोटं नव्हतं ते. अजूनही थांबवता आलं असतं. बाझील मा फेलिसितेकडे बघत होता. ती हलली नाही. कमरेत कळ आली असणार, पण ती जशी बसली होती तशीच राहिली, फोटोला बसल्यासारखी, आणि मागे माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन आपल्या चालीने घरी जात राहिली. बाझीलने रीळ काढलं, डब्यात घातलं, डब्याला चिकटपट्टी लावली आणि वर आपल्या सुंदर अक्षरात तारीख घातली. वेगाची जागा त्याने कोरी ठेवली.

रिळं पॅरिसला धुवायला गेली आणि परत यायला सहा आठवडे लागले. ते सहा आठवडे बाझील फार गोड वागला. येरोसाठी स्वतः चहा करायचा. ओदीलने विचारलं, "त्या फुलानीचं काय झालं?" तेव्हा तो म्हणाला, "धीर धर. फोटोवाला तो फोटोवालाच." त्याने निळा शर्ट काढून इस्त्री करून घेतला.

सकाळी दहाला, खेळ नसताना, सिनेमागृहात सगळे जमले. मादाम, येरो, नट, मा फेलिसिते तिच्या दोन सुनांसह, आणि बाझील चार खिशांच्या शर्टात. पहिली रिळं लागली. रेडिओ धरून उभा असलेला मुलगा. दारात बहीण. पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीपुढे बाप. ती माणसं पडद्यावर अशी उभी होती की जणू प्रेक्षकांनाच विचारत होती, तुम्ही कोण? बाझीलने डोळे मिटून घेतले. हरकत नाही, तो स्वतःला म्हणाला, पुढचं येऊ दे.

पुढचं आलं. ओसरी, मा फेलिसिते. बाझीलने हसण्यासाठी तोंड तयार ठेवलं.

मा फेलिसिते बसली होती. ती हललीच नव्हती, मग पळणार काय? ती दगडासारखी बसली होती आणि तिच्या मागे सगळं जग पळत होतं. मडक्यांची वाफ भसाभसा वर जात होती, कोंबड्या वेड्यासारख्या टिपत होत्या, फाटकातून माणसं येत होती जात होती, येत होती जात होती, कोणालाही थांबायला वेळ नव्हता, आणि भिंतीवरचं ऊन डोळ्यादेखत सरकत वर चढलं आणि विझलं. वर्षं जात होती, दुसरं काही नाही. एका बाईची वर्षं जात होती आणि ती दाराकडे पाठ करून समोर बघत होती, कारण दाराकडे बघायचं तिने सोडून दिलं होतं. तिने दोनदा पापणी लववली तेव्हा अंगावर काटा आला.

दिवे लागले. मा फेलिसितेची धाकटी सून पदराने डोळे पुसत होती. मादाम उठल्या आणि येरोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "हे कसं केलंस? मी लिहिलंसुद्धा नव्हतं असं. हे सुचलं कसं तुला?"

येरो चष्मा हातात घेऊन बसला होता. "मला माहीत नाही, मादाम," तो म्हणाला. "माणसं अशी का पळतायत?"

"ऐका! विनय बघा याचा!" कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या वाजल्या आणि बाझीलच्या डोक्यात सणक गेली. गप्प बसला असता तर त्याचं काहीही गेलं नसतं. शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण मत्सराला शहाणपण असतं तर त्याला मत्सर कशाला म्हटलं असतं? ज्या चुकीवर त्याने सहा आठवडे जीव जगवला, तीच चूक आता कौतुकाचे हार घालून मिरवणार होती.

"चूक आहे ती!" तो ओरडला. "सुचतंय कसलं त्याला? उजेड कमी पडला म्हणून त्याने आकडा बारावर नेला, आपल्या त्या स्टुडिओतल्या डबड्यासारखा! त्याला ठाऊकही नव्हतं तो आकडा कसला आहे! म्हातारी हलली नाही म्हणून वाचला, नाहीतर तुम्ही सगळे आत्ता पोट धरून हसला असता!"

आधी खरंच हसले. बोबोने फुलानीची उडवायची ती अशीच. नट म्हणाला, "वा रे रांजणा, आज भरलेला दिसतोस." पण बाझील हसत नव्हता, आणि हळूहळू हसू विरत गेलं.

"तुला कधी कळलं हे?" मादामनी विचारलं.

"तेव्हाच! मी बघितलं ना! मी सांगितलं होतं त्याला सगळ्यांसमोर, की म्हातारी उधळेल म्हणून..."

बोलता बोलता त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं.

"सांगितलं होतंस," मादाम सावकाश म्हणाल्या. "आणि मग मी विचारलं, तयार? तेव्हा तू काय म्हणालास?"

मादाम चिडल्याही नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी वही काढली. "अंगणातले पुढचे सगळे प्रसंग बारावर घ्यायचे. आईने हलायचं नाही. येरो, जमेल?"

"आता कळलं, म्हणजे जमेल," येरो म्हणाला. तो बाझीलकडे बघत होता. "चूकच होती, मादाम. हा खरं बोलतोय. मला ठाऊक नव्हतं."

"असू दे. मा फेलिसितेला बसवलंस तसं, ती तर चूक नव्हती ना? बाझील, पुढच्या वेळी डब्यावर वेग लिही."

बस, एवढंच. काढून टाकलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. रीळ भरायला माणूस लागतोच.

बाहेर ऊन चढलं होतं. येरो पायरीवर उभा राहून चष्मा पुसत होता. बाझील त्याच्यापाशी गेला. त्याला वाटलं, आता हा आपल्याला धुऊन काढणार. रांजण, फुटका रांजण, आंबलेला रांजण, काय वाटेल ते म्हणेल, चारचौघांत म्हणेल, आणि मग आपण याला गाईचोर म्हणू आणि हे सगळं त्या खड्ड्यात जाईल जिथे बोबो-फुलानींची सगळी भांडणं जातात. त्यासाठीच तर पूर्वजांनी ही सोय करून ठेवली होती. त्याने स्वतःच सुरुवात केली. आवाज थोडा चिरका निघाला, पण त्याने हाक मारली, "काय रे गाईचोरा! पळवलीस ना माझी गाय?"

येरोने चष्मा डोळ्यांवर चढवला. बाझीलकडे नीट बघितलं, जसं तो स्टुडिओत पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायचा. मग त्याने उजवा हात छातीवर ठेवला.

"नमस्कार, मस्यू मिलोगो," तो म्हणाला. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

बाझील एक पायरी पुढे आला. "येरो, अरे..."

"घरची मंडळी बरी आहेत?"

अशा चौकशीला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. "बरी आहेत," बाझील म्हणाला.

"मुलं?"

"बरी आहेत."

"सासूबाई?"

"त्याही बऱ्या आहेत."

"देवाची कृपा," येरो म्हणाला, आणि मान झुकवून पायऱ्या उतरला. वीस वर्षांत त्याने बाझीलला पहिल्यांदाच घरचं विचारलं होतं.